अळीची वेळ, पाखराची वेळ

हॉलंडमध्ये पहिल्या सकाळी जो पक्षी समोर आला, तो ओळखीचा निघाला. उथळ पाण्यात मान आखडून उभा असलेला मोठा बगळा. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर किंवा कोकणातल्या भातखाचरात आपण ज्याच्याकडे दुसऱ्यांदा मान वळवून पाहत नाही, तोच. विणीच्या दिवसांत त्याची पिवळी चोच काळी पडते, तशी ती इथेही पडली होती. उट्रेख्टला राहणारी माझी भाची गाडी चालवत होती. ती म्हणाली, "मामा, माझ्या शेजारच्या आजोबांनी तरुणपणी हा पक्षी इथे कधी पाहिलाच नव्हता."

ती जागा होती ओस्टफार्डर्सप्लासन, फ्लेव्होलंड प्रांतातली दलदल. हा प्रांत माणसानं पाण्यातून उपसून काढलेला आहे. आपल्याकडे खारबंदिस्तीत शेतकरी बांध घालून खाडीचं पाणी बाहेर ठेवतो आणि आत भात लावतो. इथे तीच युक्ती एका सबंध प्रांताएवढ्या क्षेत्रावर केलेली आहे, आणि जमीन समुद्रसपाटीपेक्षा तीन ते पाच मीटर खाली आहे. दक्षिणेकडचा हा भाग 1968 साली कोरडा झाला. त्यातला सर्वांत सखल कोपरा कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. कारखाने आले नाहीत, पाणी साचलं, बोरू माजला आणि सरकारी आराखड्यात ज्यांना जागाच नव्हती ते पक्षी येऊन राहिले.

मोठ्या बगळ्याचं इथलं पहिलं घरटं 1978 चं. त्याआधी युरोपात हा पक्षी पाहायचा तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बोरूवनांकडे जावं लागे. आज हिवाळ्यात नेदरलँडभर हजारोंनी बगळे दिसतात, अगदी हमरस्त्याच्या कडेच्या चरांतही. हिवाळे सौम्य झाले, पाणी गोठेनासं झालं आणि मासे पकडता येऊ लागले, हे त्याचं एक कारण. पण ते एकटं नव्हे. एकोणिसाव्या शतकात बायकांच्या टोप्यांवर तुरे लावायला याच बगळ्यांची कत्तल होत असे. ती थांबली, कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि अशा नव्या दलदलीही तयार झाल्या. कुठलाही पक्षी उत्तरेकडे सरकलेला दिसला की तापमानवाढीचा शिक्का मारून मोकळं व्हायची सवय आता लागली आहे, म्हणून हे सांगितलेलं बरं. पांढऱ्या शेपटीचे गरुडही 2006 पासून याच दलदलीत घरटी करतात, आणि त्यांच्या येण्यात विषारी कीटकनाशकांवरच्या बंदीचा वाटा मोठा आहे.

तरी बगळ्याची गोष्ट सुखाची. पुढच्या ठिकाणी तसं नव्हतं.

आर्नेमच्या उत्तरेला होखे फेलुवे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. रेताड जमीन, पाइन, हेदरची झुडपं आणि मधूनमधून ओकची झाडं. बहुतेक लोक इथे येतात ते क्रोलर-म्युलर संग्रहालयातली व्हॅन गॉगची चित्रं पाहायला. फाटकापाशी पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. एक उचलायची आणि निघायचं. त्याच सायकलवरून आम्ही ओकच्या राईत गेलो आणि तिथे झाडांखाली लहान चौकटींवर ताणून बसवलेली पातळ कापडं दिसली. जेमतेम अर्धा मीटर लांबीरुंदीची. कापडावर खसखशीएवढे काळे कण पडलेले. ती अळ्यांची लीद. ती गोळा करायची, वाळवायची, तोलायची आणि वजनावरून वर झाडात किती अळ्या आहेत याचा हिशेब मांडायचा. इतक्या क्षुल्लक वस्तूची इतकी वर्षं इतक्या निष्ठेनं वजनं घेणारे लोक पाहून मी खरोखर थक्क झालो. आपल्याकडे पक्ष्यांवर प्रेम करणारे भरपूर आहेत, पण विष्ठेची वही चाळीस वर्षं न चुकता भरणारे फार कमी.

या अळ्या एका करड्या पतंगाच्या. त्याला हिवाळी पतंग म्हणतात, कारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत तो कोषातून बाहेर पडतो. मादीला उडता येत नाही. ती खोडावरून चालत वर चढते आणि शेंड्याकडे अंडी घालते. वसंतात ओकच्या कळ्या फुटतात त्याच सुमारास अंडी फुटली पाहिजेत. आधी फुटली तर अळी उपाशी मरते. उशिरा फुटली तर पानं जून होतात, त्यांत टॅनिन भरतं आणि ती पचत नाहीत. एकदा जमलं की दोन-तीन आठवडे झाडावर अळ्यांचा सुकाळ असतो. मग सगळ्या अळ्या धाग्याला लोंबकळत खाली उतरतात, मातीत शिरून कोष करतात, आणि सुकाळ संपतो. वल्गुलीची, म्हणजे ग्रेट टिटची, पिल्लं नेमकी याच दिवसांत घरट्यात असावी लागतात.

फेलुवेतल्या लाकडी पेट्यांमधल्या वल्गुलींची नोंद 1955 पासून सलग आहे. नेदरलँडमध्ये हे काम त्याहून जुनं, 1912 सालचं. वाखेनिंगनच्या संस्थेतले मार्सेल फिसर आणि त्यांचे सहकारी यांनी 1998 साली या वह्यांतून एक गोष्ट दाखवली. 1973 ते 1995 या काळात वसंत उबदार होत गेला, अळ्यांचा भर अलीकडे आला, पण वल्गुलींची अंडी घालायची तारीख जागची हलली नव्हती. मादी अंडी घालते एप्रिलच्या हवेवर विसंबून. पिल्लं मोठी होतात ती मेमध्ये. एप्रिलची हवा आणि मेची हवा पूर्वी एकमेकींना धरून होती, आता त्यांची चाल वेगळी झाली.

इथे मला वाटलं होतं की पुढचं वाक्य "आणि म्हणून वल्गुली नाहीशा होत चालल्या" असं असेल. तसं नाही. पिल्लं कमी वाचली तर हिवाळ्यात उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, त्यामुळे त्यांतली जास्त तगतात, आणि एकूण संख्या बरीचशी टिकून राहते. पतंगानं तर स्वतःच डाव बदलला. काही दशकांतच त्याची अंडी फुटण्याची आनुवंशिक वेळ ओकशी पुन्हा जुळू लागल्याचं 2013 साली प्रसिद्ध झालं. कीटकाची पिढी एका वर्षाची असते, निवड झपाट्यानं होते. घात झाला तो वर्षभर इथेच राहणाऱ्यांचा नव्हे, दुरून येणाऱ्यांचा.

तो दुरून येणारा म्हणजे कबरा माशीमार. काळापांढरा नर, वजन बारा-तेरा ग्रॅम. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत, गिनी ते आयव्हरी कोस्टच्या पट्ट्यात काढतो आणि एप्रिलमध्ये सहारा ओलांडून हॉलंडच्या राईत येतो. त्याला पाहायला आम्ही उत्तरेकडे ड्रेंथ प्रांतात गेलो. वाटेतलं दृश्य सांगण्यासारखं नाही. सपाट, आखीव, हिरवं.

आयव्हरी कोस्टच्या झाडीत बसलेल्या पाखराला हॉलंडमधला ओक यंदा कधी फुटला हे कळायला काही मार्ग नाही. तो निघतो आपल्या आतल्या पंचांगावर, आणि ते पंचांग दिवसाच्या लांबीशी बांधलेलं असतं. दिवसाची लांबी तापमानवाढीनं बदलत नाही. ख्रिस्तियान बोट आणि फिसर यांनी 2001 साली मांडलं ते असं: वीस वर्षांत माशीमारांचं येणं त्याच तारखेला राहिलं, पण आल्यावर त्यांनी घाई करून अंडी साधारण दहा दिवस अलीकडे घातली. म्हणजे प्रवासाचा शीण काढायचे, जागा आणि जोडीदार निवडायचे दिवस त्यांनी कापले, तरी अळ्यांनी त्यांना मागे टाकलंच. 2006 च्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात परिणाम दिसला. जिथे अळ्यांचा भर सर्वांत लवकर येतो त्या राईंत माशीमार सुमारे 90 टक्क्यांनी घटले. जिथे भर उशिरा येतो तिथे घट थोडी. दलदलीतल्या रानांत मात्र अन्न हंगामभर पसरून मिळतं, तिथल्या प्रवासी पक्ष्यांना हा फटका जवळपास बसलाच नाही. उष्मा सगळीकडे सारखाच, पण नुकसान कुठल्या रानात राहता यावर ठरलं.

ड्रेंथच्या त्या राईत पेट्या तपासणाऱ्या एका स्वयंसेवक बाईंनी, निवृत्त शिक्षिका होत्या, सांगितलेली गोष्ट अंगावर आली. माशीमार आफ्रिकेतून येऊन पेटी शोधतो तेव्हा तिथे वल्गुली आधीच बसलेली असते. माशीमार चपळ, पण पेटीच्या आत त्याचा काही उपयोग नाही. वल्गुली वजनदार, तिचे पंजे दणकट. ती त्याला धरते, डोक्यात चोच मारते आणि पुष्कळदा मेंदू खाते. "पेटी उघडली की कळतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या. सौम्य हिवाळ्यानंतर वल्गुली जास्त उरतात, आणि दोघांच्या विणीच्या वेळा एकमेकींवर आल्या की मारामाऱ्या वाढतात. काही वर्षी पेट्यांवर हक्क सांगणाऱ्या नर माशीमारांपैकी जवळपास 9 टक्के असे मेले, असं 2019 साली प्रसिद्ध झालं. तापमानाच्या आलेखात हा मृत्यू दिसणार नाही.

या मंडळींनी एक धाडसी प्रयोगही केला आहे. हॉलंडमधल्या माशीमार माद्या पकडून दक्षिण स्वीडनमध्ये सोडल्या. तिथला वसंत दोनेक आठवडे मागे असतो. हॉलंडमध्ये उशीर झालेलं त्यांचं पंचांग तिथे अचूक ठरलं. त्यांनी स्थानिक पाखरांपेक्षा आधी अंडी घातली आणि जास्त पिल्लं वाढवली. त्यांच्या पोरींनाही ती वेळ वारशानं मिळाली. म्हणजे पक्ष्यांचा प्रदेश उत्तरेला सरकतो याचा एक अर्थ असाही, की आपल्या वेळेशी जुळणारा वसंत त्यांना तिकडे सापडतो. सगळ्यांना तो सापडेल असं नाही. लहानपणीच्या रानाची ओढ पक्ष्याला घट्ट असते, आणि माणूस पिंजरा घेऊन किती पाखरांना पोचवणार?

फ्रीसलंडमध्ये शिरलं की रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. फ्रिसियन ही इथली वेगळी भाषा, आणि तिचा अभिमान आपल्या कोल्हापूरकराच्या तोडीचा. लेवार्डनच्या आसपास गवतच गवत. दुधाचा धंदा, दुसरं काही नाही म्हटलं तरी चालेल. या गवतात मार्चमध्ये एक खेळ चालतो: टिटवीचं वर्षातलं पहिलं अंडं शोधायचं. ही टिटवी आपल्या ताम्रमुखी टिटवीची चुलत बहीण, डोक्यावर लांब तुरा असलेली. पहिलं अंडं सापडलेला माणूस ते प्रांताच्या राजप्रतिनिधीला नेऊन देई, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येई. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अंडी उचलायची मुभा असे, कारण टिटवी पुन्हा घालते. त्यानंतर तेच लोक त्याच शेतांत घरट्यांपाशी काठ्या रोवून त्यांची राखण करत. आता अंडं उचलता येत नाही. फक्त जागा कळवायची आणि राखण करायची. आपल्याकडे पावशा ओरडला की शेतकरी आभाळाकडे बघतो, तसं यांचं वर्ष टिटवीपासून सुरू होतं. आणि पहिल्या अंड्याच्या तारखा वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत छापून आल्यामुळे या हौशी लोकांनी नकळत एक मोठी हवामान-वही तयार केली. उबदार वर्षी अंडं लवकर, थंड वर्षी उशिरा. शास्त्रज्ञांनी ती वही नंतर वापरली.

या प्रांताच्या दुसऱ्या परंपरेचीही एक नोंदवही आहे. अकरा गावांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत. बर्फ वाटभर निदान 15 सेंटिमीटर जाड असला तरच ती होते. 1909 पासून एकंदर 15 वेळा झाली. शेवटची 4 जानेवारी 1997 ला. त्यानंतर जन्मलेली, आता नोकरीला लागलेली मुलं तिच्याबद्दल आजोबांकडून ऐकतात.

गवतात आम्हाला हवा होता तो काळ्या शेपटीचा मालगुजा, लांब सरळ चोचीचा, विटकरी मानेचा. डच लोकांनी 2015 साली मतदान करून त्याला राष्ट्रीय पक्षी केलं. मालगुजे हिवाळ्यात भिगवणलाही येतात, पण ते आशियातल्या वाटांचे. हे डच मालगुजे जातात सेनेगल आणि गिनी-बिसाउच्या भातशेतांत, आणि परतताना स्पेन-पोर्तुगालच्या भातशेतांत थांबतात. भाताचा आणि दुधाचा असा एक धागा दोन खंडांतून गेलेला आहे.

गोची अशी आहे की शेतकऱ्यानं पाण्याची पातळी उतरवली, खत घातलं, एकाच जातीचं गवत पेरलं, आणि वर वसंत लवकर येऊ लागला. त्यामुळे पहिली कापणी मेच्या सुरुवातीलाच होते. मालगुजाची अंडी घालायची तारीख मात्र फारशी हललेली नाही. यंत्र येतं तेव्हा पिल्लं गवतात असतात, आणि संकट आलं की ती पळत नाहीत, दबून बसतात. जे वाचतं त्याला कापलेल्या रानात ना किडे मिळतात, ना आडोसा. 1960 च्या दशकात इथे लाखाहून जास्त जोड्या होत्या. आता त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. यात हवामानाचा वाटा किती आणि नांगरलेल्या, निचरा केलेल्या रानाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझा कल शेतीला जास्त दोष देण्याकडे आहे. ज्या शेतकऱ्याकडे आम्ही चहा प्यायलो तो काही पट्टे जूनच्या मध्यापर्यंत कापत नाही. त्याबद्दल त्याला भरपाई मिळते. तो म्हणाला, "पक्ष्यासाठी थांबतो, पण गवत थांबत नाही. जूनमधलं गवत गाई नाक मुरडून खातात."

त्याच्याच बांधापलीकडे बार्नेकल हंस चरत होते, काळी मान आणि पांढरं तोंड. हे खरे रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर वीण करणारे. मेच्या मध्याला निघतात. आर्क्टिकमध्ये बर्फ लवकर वितळू लागल्यावर या हंसांनी वाटेतले बाल्टिकचे मुक्काम टाळून वेग वाढवला. पण अंगावर चरबी न साठवता पोचल्यामुळे तिथे आधी खाणं भाग पडलं आणि अंडी जुन्याच तारखेला गेली. दरम्यान काही हंसांनी जाणंच सोडलं. 1980 च्या दशकापासून ते इथेच वीण करतात, इतके की शेतकरी आता गवताच्या नुकसानीबद्दल ओरडतात. लेकरासारखा जपायचा तो मालगुजा, आणि हाकलायचा तो हंस, दोघेही त्याच शेतात.

फ्रीसलंडमधून टेसल बेटाकडे जाताना आफस्लाउटडाइक लागतो. 32 किलोमीटरचा सरळ बांध, 1932 साली पूर्ण झालेला. एका हाताला गोड पाणी, दुसऱ्या हाताला वाडन समुद्र. कॉर्नेलिस लेली या अभियंत्यानं आखणी केली, बांध पुरा होण्याआधीच तो वारला. बांधावर त्याचा पुतळा आहे आणि वारा इतका की त्याच्यासमोर उभं राहून वाचता येत नाही.

वाडन समुद्र ओहोटीला समुद्र राहत नाही. मैलोन्‌मैल चिखलाचं मैदान उघडं पडतं. नेदरलँड आणि जर्मनीचा भाग 2009 मध्ये, डेन्मार्कचा 2014 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. वर्षाकाठी एक कोटीहून जास्त पक्षी इथे उतरतात, बहुतेक सगळे वाटेतले प्रवासी. टेसलच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा पट्टेरी शेपटीचे मालगुजे चिखलातले जाड गांडुळासारखे किडे उपसून काढत होते. पश्चिम आफ्रिकेतून आलेले हे पक्षी इथे जवळपास महिनाभर खातात आणि मग सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाकडे हजारो किलोमीटरची झेप घेतात. तिथला बर्फ आता लवकर वितळतो म्हणून त्यांना इथून लवकर निघावंसं वाटतं, आणि खाण्याचे दिवस कमी होतात. इथल्या चिखलात किडे भरपूर असतील त्या वर्षी ते निभावून नेतात. नसतील त्या वर्षी नाही.

टेसलवर 1876 साली स्थापन झालेली समुद्रसंशोधनाची संस्था आहे. तिथल्या यान फान खिल्स आणि सहकाऱ्यांनी नॉट या पक्ष्याबद्दल 2016 साली जे मांडलं, तेच ऐकायला मी खरं तर या बेटावर आलो होतो. नॉट मूठभर आकाराचा, सवाशे-दीडशे ग्रॅमचा. शिंपले तो अख्खे गिळतो आणि पेषणीत चिरडतो. चोच ओल्या वाळूत खुपसून पाण्याच्या दाबातल्या फरकावरून गाळातला शिंपला हेरतो. त्याची एक उपजात तैमिरला वीण करते आणि हिवाळा मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरच्या बांक द'आर्गिन या उथळ खाडीत काढते. उपग्रहाच्या चित्रांनुसार 33 वर्षांत तैमिरचा बर्फ दर वर्षी सरासरी अर्धा दिवस लवकर वितळत गेला. किड्यांचा भरही अलीकडे सरकला, पिल्लांना मात्र तो पुरेसा मिळेना. लवकर उबदार झालेल्या वर्षी जन्मलेली पिल्लं पोलंडच्या किनाऱ्यावर पकडून मोजली तेव्हा ती लहान निघाली आणि त्यांच्या चोचीही आखूड.

चोच आखूड असण्याची शिक्षा जन्मभूमीत होत नाही, ती आफ्रिकेत होते. बांक द'आर्गिनमध्ये नॉटचं मुख्य खाणं म्हणजे एका जातीची तिसरी, जी गाळात खोल रुतून बसते. लांब चोच पोचते, आखूड पोचत नाही. मग ही बुटकी पोरं समुद्रगवताची मुळं खातात. मुळांवर ती पहिलं वर्ष फारशी निभावत नाहीत. त्यामुळे मॉरिटानियात प्रौढ नॉट मोजायला गेलात तर चोचीची लांबी अगदी नेहमीसारखी भरते, आणि फक्त तेवढं पाहिलं तर वाटतं की या पक्ष्याला काहीच झालेलं नाही.